भलतंच घर जसंच्या तसं हलवल्याबाबत

मी, भिंगवाला या नावाने ओळखला जाणारा, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे), राहणार कापडबाजारामागची चार मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडचं दार, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, पत्त्यात लिफ्टचा उल्लेख कशाला, असं हवालदारसाहेब म्हणाले. तो राहू द्यावा. त्याचं कारण पुढे येईल.

मी वरील ठिकाणी पत्नीसह भाड्याने राहतो. पत्नी शाळेच्या कार्यालयात नोकरीला आहे. आम्हाला स्वतःचं घर घ्यायचं आहे. त्यासाठी लग्न झाल्यापासून पोटाला चिमटा काढून जी काही शिल्लक टाकली ती दोघांच्या सहीच्या खात्यात आहे. ती किती, असं मला विचारण्यात आलं. त्याचा या प्रकाराशी संबंध नाही, असं मी नम्रपणे सांगितलं. हवालदारसाहेबांनी आग्रह केला नाही.

यातील संशयित हा माझा शाळेपासूनचा मित्र आहे. खिशात दमडी नसताना तो मधल्या सुट्टीत धंद्याच्या गोष्टी करायचा, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणायला लागले, ते आजतागायत. सध्या तो दुसऱ्याच्या कंपनीत घरसामान हलवण्याच्या टोळीचा मुकादम आहे. मध्यंतरी त्याने मासे ठेवायच्या काचेच्या पेट्या भाड्याने देण्याचा धंदा काढला होता. तो बुडाला. धंदा पाण्यातलाच असल्याने मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी शेठ माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "भिंग्या, आता स्वतःचं काढतो. लोक घर बदलतात म्हणजे काय करतात? महिनाभर आधी खोकी भरतात, महिनाभर नंतर खोकी उपसतात, आणि चहाची गाळणी काही सापडत नाही. माझ्याकडे तसं नाही. घरच्यांनी एक चमचासुद्धा आवरायचा नाही. सकाळी या घरातून कामाला जायचं, संध्याकाळी त्या घरात यायचं. भिंतीपासून खणापर्यंत सगळ्याचे मी आधी फोटो काढणार आणि तिकडे तसंच्या तसं मांडणार." टेम्पोसाठी आणि गोदामाच्या भाड्यासाठी त्याला पैसे हवे होते. बँकेने माशांचा इतिहास बघून त्याला दार दाखवलं होतं.

मी घरी हे सांगितलं तेव्हा पत्नी म्हणाली, "म्हणजे आपलं घर राहिलं बाजूला, आणि आपण लोकांची घरं हलवत बसायचं?" पैसे बुडाले तर या वयात पुन्हा तेवढे जमणार नाहीत, हे मलाही कळत होतं. नाही म्हणावं तर शेठचं तोंड डोळ्यांसमोर यायचं. पुढचे कित्येक दिवस मी दुकानात काचा घासत होतो आणि डोक्यात हेच घासत होतो.

अशातच आमच्या घरमालकाने जागा महिनाअखेर सोडायला सांगितली. आम्ही जवळच दोन गल्ल्यांपलीकडे तेवढ्याच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शेठला कळल्यावर तो म्हणाला, "झालं तर मग! पहिलं घर तुझं. फुकट. आधी काम बघ, मग पैशाचं बोल." पत्नी म्हणाली, "फुकट हलवतायत तर हलवू दे. मी काही तिथे थांबायची नाही." थांबायचं नव्हतंच, तीच तर त्याची अट होती.

त्याप्रमाणे आज सकाळी आम्ही दोघे कामावर गेलो. जाताना मी दुकानाच्या पायरीवर शेठला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि तिसरा मजला, डावीकडचं दार, असं सांगितलं. आमच्या दारांवर पाट्या नाहीत. दाराला खिळा मारलेला घरमालकाला चालत नाही.

इथे मला नमूद करायचं आहे की, मी कायम लिफ्टने जातो आणि लिफ्टमधून बाहेर पडलं की आमचं दार डावीकडे येतं. शेठचं काम जिन्याचं. सामान उतरवायचं ते जिन्याने, म्हणून कुठल्याही अनोळखी इमारतीचा जिना पायांनी मोजल्याशिवाय तो लिफ्टकडे बघतही नाही. आमचा जिना लिफ्टच्या बरोबर समोर आहे. जिन्याने वर आलं की डावीकडे जे दार येतं ते समोरच्या सिस्टरचं. सिस्टर निवृत्त परिचारिका असून एकट्या राहतात. त्या चार दिवस भावाकडे गेल्या होत्या आणि त्यांची किल्ली आमच्याकडे देऊन गेल्या होत्या. ती त्याच जुडग्यात होती. ती काढून ठेवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. पहिली किल्ली लागली नाही, दुसरी लागली, असं शेठचं म्हणणं आहे.

संध्याकाळी आम्ही परस्पर नव्या जागी गेलो. शेठ जिन्यात नवा शर्ट घालून उभा होता. आत न येता त्याने मला पुढे केलं आणि म्हणाला, "बघ."

मी दार उघडलं. आत सिस्टरचं घर होतं. खिडकीशी त्यांची खुर्ची होती आणि खुर्चीत अर्धवट विणलेला स्वेटर सुयांसकट. घड्याळ चालू होतं. पलंगाशेजारी औषधांचा ट्रे होता. भिंतीवर त्यांच्या दिवंगत यजमानांचा फोटो होता, आणि तो त्यांच्याकडे जसा थोडा कलता असतो तसाच कलता होता. मला आधी दरदरून घाम फुटला. मग, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

पत्नी म्हणाली, "अहो, आपण सिस्टरकडे कसे आलो?"

शेठला खुलासा झाल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला. त्याने सांगितलं की फोटो वहिनींच्या वडिलांचा असावा असं समजून त्याने तो सर्वांत शेवटी, स्वतःच्या हातांनी उतरवला. घरात पुरुषाचे कपडे नव्हते तेही त्याच्या ध्यानात आलं होतं. "मला वाटलं, घरात तुझं काही चालत नाही असं तू म्हणतोस ते खरंच आहे," असं तो म्हणाला. हे वाक्य लिहावं की नाही ते हवालदारसाहेबांनी ठरवावं.

तेवढ्यात मला ठाण्यातून फोन आला. सिस्टर एक दिवस आधीच परत आल्या होत्या. त्यांनी दार उघडलं तर आत फक्त भिंतीतले खिळे. फरशी झाडून पुसून लख्ख होती. झाडूपोछा करून जाणारे चोर आपण नोकरीत पहिल्यांदाच बघतोय, असं ठाण्यातल्या साहेबांनी मला फोनवर ऐकवलं, आणि किल्ली कोणाकडे होती तेही विचारलं. आम्ही तिघेही ताबडतोब हजर झालो.

नंतर साहेब, सिस्टर व आम्ही गाडीतून नव्या जागी गेलो. सिस्टरनी आधी औषधं तपासली. मग कपाटाचे खण, मग स्वेटर. आम्ही दाराशी ओळीने उभे होतो. सिस्टर सावकाश खुर्चीत बसल्या, सुया हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "एक टाका सुटलेला नाही. अहो, उभा जन्म वॉर्डात ओरडले, वस्तू जिथली तिथे ठेवा म्हणून. एकालाही जमलं नाही." मग त्या इतक्या हसल्या की साहेबांनी त्यांना पाणी दिलं. आपली तक्रार नाही, आज आपण आपल्याच पलंगावर इथे झोपू आणि उद्या सगळं परत असंच लावून द्यावं, असं त्यांनी सांगितलं.

तरी साहेबांनी शेठला विचारलं, "सगळं पटलं. पण लहानपणचा मित्र तुमचा. त्याचं घर तुम्हाला ओळखू येऊ नये?"

शेठ काही बोलला नाही. एरवी तो गप्प बसत नाही. म्हणून मी सांगितलं की, तो आमच्या या घरी कधी आलेलाच नाही. त्याची एक माशांची पेटी आमच्या आधीच्या घरात फुटली होती. त्यात आमची गादी, पत्नीची पुस्तकं आणि तिचा मूड असं सगळंच बिघडलं. तेव्हापासून, त्याला तीन वर्षं होतील, आम्ही दुकानाच्या पायरीवरच भेटतो. पाऊस असला तर शटरखाली.

पत्नी सिस्टरच्या भिंतीकडे बघत होती. तिने कलता फोटो सरळ करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

परत ठाण्यात आल्यावर बाहेरच्या बाकावर ती मला म्हणाली, "द्या त्यांना पैसे. मी सही करते." मी म्हणालो, अगं, आपलं घर? ती म्हणाली, "दोन वर्षं उशिरा होईल. परक्या माणसाचं घर इतकं जपून उचलणारा माणूस आपले पैसे उधळणार नाही. चुकला तो दारात, आणि ते दार त्याला कोणी दाखवलं होतं?" मी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण मला रडू येत होतं, आणि पोलीस ठाण्यात माणसाने रडू नये असं मला वाटतं.

मग तिने शेठला बोलावून एक अट घातली. "भाऊजी, यापुढे कोणाचंही घर हलवायच्या आधी त्या घरात जायचं, माणसांबरोबर बसायचं, चहा प्यायचा. मगच हात लावायचा. कबूल?"

शेठ म्हणाला, "कबूल, वहिनी. मग तुमचं कधी हलवू?"

पत्नी म्हणाली, "उद्या सकाळी चहाला या. लिफ्टने या."

सबब माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते दोन ठिकाणी थांबले, पण मजकूर मी सांगितल्याबरहुकूम असून खरा व बरोबर आहे. खाली माझी सही आहे. तिच्या शेजारी पत्नीनेही सही केली आहे. इथे तिच्या सहीची गरज नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं.