पाठीवरचा भोपळा

(ताई काम करते ती पार्सल कचेरी. दुपारची सुट्टी. वजनकाट्यावर एक फुगलेली पाठपिशवी.)

ताई — बारक्या, या पिशवीत कोणाचं मूल आहे का?

बारक्या — आहार आहे. डोंगरात कारखान्यातलं काही खायचं नाही. सगळं निसर्गाने दिलं तसंच्या तसं.

ताई — म्हणून आख्खा भोपळा?

बारक्या — चिरला की त्याची ताकद जाते म्हणे.

ताई — कोण म्हणे?

बारक्या — व्हिडिओतला माणूस. फार बारीक होता गं. विश्वास बसला.

ताई — आणि हे ओलं काय लागतंय?

बारक्या — हात नको लावूस! मूग आहेत. चालता चालता मोड येतील, अशी योजना आहे. पाठीची ऊब मिळते त्यांना.

ताई — म्हणजे मी भावाबरोबर नाही, शेताबरोबर निघालेय.

बारक्या — हस तू. साखर सोडली, मैदा सोडला. काल स्वप्नात केक आला होता. मी ओळखही दाखवली नाही. शेवटी तोच रडायला लागला.

ताई — बरं, चालण्याचा सराव?

बारक्या — रोज बाजारात जात होतो ना, ताज्या भाज्या आणायला.

ताई — चालत?

बारक्या — स्कूटरवर. उन्हात भाज्या कोमेजतात.

ताई — बारक्या!

बारक्या — आधी पोट सुधारायचं, मग पाय, असं ठरवलं होतं. पण एवढा कोंडा खाल्ल्यावर घरापासून फार लांब जायची सोय राहिली नाही.

ताई — ही पिशवी इथवर कशी आणलीस?

बारक्या — रिक्षाने. दारातून काट्यापर्यंत रिक्षावाल्याने. त्याने मला पण हात दिला.

ताई — अरे, परवा निघायचंय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा डोंगर चढायला जातेय मी. सोबत असेल तरच जा, असं बजावलंय डॉक्टरांनी. तूच म्हणाला होतास ना, ‘ताई, तू बरी हो, मी नेतो’?

बारक्या — म्हणालो होतो. तेव्हा तू झोपून होतीस आणि मी खुर्चीत होतो. दोघांनाही चालायचं नव्हतं, म्हणून सोपं वाटलं.

ताई — शेजारचे कवायत मास्तर येतो म्हणालेत.

बारक्या — मग त्यांनाच ने. खरंच. गुडघा तुझा दुखणार आणि धाप मला लागणार, असली सोबत काय कामाची? भोपळा मात्र त्यांच्याकडे दे. निदान तो तरी शिखर बघेल.

ताई — काल त्यांच्याबरोबर टेकडीवर जाऊन आले.

बारक्या — छान चढतात?

ताई — हरणासारखे. आणि प्रत्येक वळणावर कमरेवर हात ठेवून माझी वाट बघतात. चिडत नाहीत रे. हसतात. तेच सोसवेना.

बारक्या — मी कमरेवर हात ठेवत नाही. नेमकी कुठे आहे ते कळत नाही.

ताई — भोपळा घरी ठेव. मूगही.

बारक्या — म्हणजे... मी येतोय?

ताई — तू पहिल्या वळणाला बसशील ना?

बारक्या — त्याच्या अलीकडेच बसेन. शब्द देतो.

ताई — मग मीही बसेन. तुझ्यासाठी म्हणून.