तापीकाठचा समुद्र

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं अमृता, तू होय. एवढा लांबलचक नंबर, मला वाटलं कोणी लोन घ्या म्हणणारा… हो, हो, येतोय आवाज… काही नाही, पोळ्या लाटू राहिली होती. तुझ्याच नवऱ्यासाठी… मग? धाकटी जाऊ मॉरिशसला गेली म्हणून दिराला उपाशी ठेवू का? ललित भाऊजी मजेत आहेत. काल तर म्हणाले, वहिनी, शेवभाजी खावी तर तुमच्याच… बरं, नाही सांगत.

तू सांग… ऊन? अजून ऊन आहे तिथं? इथं देवापाशी दिवा लागला की गं… समुद्राकाठी उभी आहेस?… तो लाटांचा आवाज होय. मला वाटलं लाइनमध्ये खरखर आहे… नको, ऐकवू नको. नको म्हटलं ना.

माहीत आहे मला, शिबिर आहे. अख्ख्या बुऱ्हाणपूरला माहीत आहे. छोट्या छोट्या बेटांचे देश, तिथली तरणी पोरं-पोरी, त्यांना विज्ञान शिकवायचं, आपापली संस्कृती जपायला लावायची, उद्याचे पुढारी घडवायचे. पेपरात आलं होतं, तुझ्या फोटोसकट. परवा शाहपूरच्या बाजारात केळीवाला मला काय म्हणतो, तुम्ही अमृता मॅडमच्या जाऊ ना?… लग्न होऊन आले तेव्हापासून या गावात कीर्तन करते मी. आता मी अमृता मॅडमची जाऊ.

रागावले नाही… अगं ऐक ना, रागावले असते तर तुझा आवाज ऐकून फोन ठेवला असता.

आज? आज कीर्तन? तिथं? कोण करणार?… तू?

नाही, हसत नाही. लाटणं पडलं… तू पेटीवाली, अमृता… हो, पेटी गोडच वाजवतेस, मी कधी नाही म्हटलं? पण मागं बसून स्वर धरणं वेगळं आणि पुढं उभं राहणं वेगळं. चिपळ्या धरल्यास कधी हातात?… शिकलीस? कोणाकडून?… मोबाइलवर बघून. देवा.

पोरांनीच हट्ट धरला का… हो, सांगितलं होतंस, आपली मराठी माणसं आहेत तिथं, कितीतरी पिढ्यांपूर्वी गेलेली. पण ती सेशेल्सची, मालदीवची पोरं? त्यांना काय कळेल?… मधेमधे इंग्रजीत सांगणार. वा. विज्ञानाची मास्तरीण पाहिजे, तिला इंग्रजी पाहिजे आणि गाणंही पाहिजे, म्हणून तर तुझी निवड झाली. मी आपली बी.ए. मराठी. तोंड उघडलं की देवळातली माणसं गप्प होतात, तेवढंच येतं मला.

मग माझ्याकडं काय काम निघालं?… कोणतं आख्यान?… समुद्राचं?

अमृता, ते माझं आहे… तुला पाठ असेल गं, माझ्या मागं बसून बसून. पण शब्द माझे, चाल माझी. विचारायला फोन केलास की सांगायला?… सकाळीच म्हणून दाखवलंस? तालमीत? मग आता विचारण्यात काय अर्थ राहिला?

काय झालं?… कोण हसलं?… माझ्या आख्यानाला हसली?

कोण ही देविका?… गटाची पुढारी. तिथल्याच मराठी घरातली. कॉलेजात शिकते. बरं, काय म्हणाली ती? नीट सांग, गोड करून सांगू नको… आमचा समुद्र असा नाही… मातकट नाही… त्यातून झाडं आणि म्हशी वाहून येत नाहीत… पायऱ्या चढून देवळात शिरत नाही. बरं. आणखी?… नको, पुरे. विमानात तू बसायचं, समुद्र तू बघायचा, आणि माझं आख्यान नेऊन तिथं हसवून घ्यायचं… दे तिला फोन… भांडत नाही. दे म्हटलं ना.

हॅलो… हो बेटा, मी मनीषाताई… सुखी राहा, सुखी राहा. मराठी चांगलं आहे गं तुझं. आजीकडून शिकलीस?… नाही, माफी नको मागू. हसू आलं तर माणूस हसणारच. मला फक्त सांग, तुमचा समुद्र कसा आहे?… नाही बेटा. मी नाही बघितला कधी… तापी बघितली, आमची नदी. पूर आला की पलीकडचं जैनाबाद पार दिसेनासं होतं, नुसतं पाणी. राजघाटावर उभी राहून मी म्हटलं, समुद्र असाच असणार, फक्त याहून मोठा. तोच गायला… हो, म्हशी तापीतल्याच.

भिंत? समुद्रात भिंत कोणी बांधली?… पोवळ्याची. अंगठीत घालतात ते पोवळं?… त्याच्याच जातीचं. जीव असतात ते? जिवंत?… आणि मोठी लाट बाहेर त्या भिंतीवर फुटते, अन् गावापाशी शांत पाणी. मग माझ्या आख्यानातल्या बाईनं हळदीची रेघ ओढून समुद्र अडवला, त्याची तुमच्याकडं गरजच नाही की.

काय होऊ राहिलं?… पांढरी पडते. पाणी तापल्यामुळं… जीव मरतात आणि सांगाडा उरतो… मग लाट कुठं फुटणार गं?… हं… हं. तुझं घर काठावरच का?

मग तुम्ही पोरं काय करता?… रोपं लावता? पाण्याखाली, दोरीला बांधून? आम्ही केळीचे खुंट लावतो तसे?… हे अमृता मॅडमनं शिकवलं?… तुम्हीच तिला शिकवलं. असं का. हे ऐकून बरं वाटलं. दे तिला.

अमृता?… पोरगी तुला गुरुताई म्हणते. कान आहेत मला… मग मी कोण?… गप बस, हसू नको.

ऐक. म्हैस काढ. पायऱ्या काढ. हळदीची रेघ… तीही काढ. देवानं तिथं आधीच रेघ ओढून ठेवली आहे, जिवंत. त्या जागी दुसरी ओवी घाल, चाल तीच. थांब, जुळू दे… बारके बारके जीव, त्यांची झाली भिंत… तिच्या पाठीशी गाव निजलं निश्चिंत… लिहू नको, म्हण… नाही, ‘झाली’वर नको थांबू, ‘भिंत’वर थांब. लाट तिथं फुटते… हां. तसं. मग लोकांना विचार, ही भिंत आता कोण राखणार? आणि तिथं देविकाला उभी कर. रोपांचं तिनं सांगावं, तू नको. ज्याचं घर काठावर आहे त्यानं सांगितलं म्हणजे लोकांच्या काळजाला लागतं.

काय?… लाउडस्पीकरवर? मी करू, इथून?… फोन माइकपाशी ठेवून?… माणसं किती आली?… अंगणात पण बसली, पार समुद्रापर्यंत?

थांब, गॅस बंद करते. विचार करू राहिली… साडी बदलू का?… कोण बघतंय, ते पण खरं.

अमृता… नको… गळा ठीक आहे. हवंय मला, फार हवंय. पण समोरची माणसं दिसल्याशिवाय मला कीर्तन येत नाही. कोण डुलतंय, कोण पेंगतंय, कोणी पदर डोळ्याला लावला, ते बघूनच पुढचं वाक्य सुचतं. ती माणसं तुझ्यासमोर आहेत. समुद्रही तुझ्यासमोर आहे. तू कर… हो, जळते तुझ्यावर. निवड झाली तेव्हा जळले, विमानतळावर सोडायला आले तेव्हा जळले, आणि आज सगळ्यात जास्त जळू राहिली. तरी तू कर.

माझं नाव घे मात्र. सुरुवातीला नको, लोक अजून चपला काढत असतात. मध्यंतरात बुक्का लावतात तेव्हा घे… पेटीवर कोण आहे?… देविकाचा भाऊ. त्याला सांग, काळी चार नको. ती माझी पट्टी. तुझा गळा तिथं चिरतो, खाली घे.

कसला गलका?… गादीवर उभी राहिलीस? हार घातला?… मग थांब जरा, ठेवू नको… काही नाही, पिठाचे हात पुसते. नारदाच्या गादीवर जो उभा असतो त्याच्या पाया पडायचं, मग तो नात्यानं धाकटा का असेना. तूच पेटीमागून बघितलंस ना, सासूबाई माझ्या पाया पडायच्या… रडू नको, आवाज बसेल.

हो, वाकले… ओट्याला धरून वाकले, गुडघा दुखू राहिला… तुला कशी दिसणार? वाकले म्हटलं ना… गादीला गं, तुला नाही. घरी आलीस की आधी तू माझ्या पाया पडशील… हो, हो. जा, पेटी लागली. ठेव… तू ठेव… बरं, मीच ठेवते.