नागूबाईचा हौद

(सोलापूर, एप्रिल १९७३. पावसानं पाठ फिरवल्याचं दुसरं वर्ष. देवळाशेजारी पाळकांची खोली, भर दुपार. पाळक शमुवेल, मंडळीचे पंच आबासाहेब आणि दारात उभी मथुरा. तिची सासू नागूबाई आज सकाळी वारली.)

आबासाहेब : दफनभूमी मंडळीची आहे, आणि मंडळीत बाप्तिस्म्यानंच येता येतं. यात मी नवीन काय सांगतोय?

पाळक : नवीन नाही. पण बारा वर्षं बाई उपासनेला येत होती, आबासाहेब.

आबासाहेब : येत होती. बाकं पुसत होती, प्रार्थना करत होती, सगळं मान्य. पाण्यात मात्र उतरली नाही.

मथुरा : उतरू दिलं कुनी? दोन येळा तुमीच बाप्तिस्म्याच्या परीक्षेत नापास केलं. दहा आज्ञा इचारल्या, म्हातारीला आठच आटवल्या.

आबासाहेब : नियम सगळ्यांना सारखा. यंदा पास केली की नाही? रविवारच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं.

मथुरा : व्हतं की. अन् रविवारी हौद कोरडा.

आबासाहेब : कोरडा कुणी केला, तेही सांग. आपल्यात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही, माणूस पुरता बुडावा लागतो. म्हणून मंडळीनं आठ दिवस घरटी एकेक घागर दिली. प्यायला पाणी नाही अशा दिवसांत! आणि शनिवारी तुझ्या सासूनं झाडलोटीसाठी दिलेल्या किल्लीनं हौदाचं कुलूप काढून सगळं गिरणीच्या चाळीला वाटलं. स्वतःचं तारण स्वतःच्या हातानं ओतून दिलं बाईनं.

मथुरा : चार दिस नळ न्हवता, टँकर आला न्हाई. पोरांच्या जिभा टाळूला चिकटल्या व्हत्या. मी म्हनलं, आत्याबाई, उद्या तुमचा दिस हाय, जरा मागं ठिवा. तर म्हनली, देव थांबंल गं, ही पोरं थांबायची न्हाईत.

पाळक : तळाशी तांब्याभर उरलं होतं. ते घेऊन संध्याकाळी माझ्याकडं आली. म्हणाली, एवढ्यात भागवा. मी म्हटलं, भागत नाही, पाऊस पडला की बघू.

आबासाहेब : बरोबरच बोललात.

पाळक : तेव्हा मलाही तसंच वाटलं. काल खडीच्या कामावर तिला ऊन लागलं आणि आज ती नाही. त्या बाईला पावसापर्यंत थांब म्हणणारा मी कोण? सकाळपासून मला अन्न गोड लागेना.

मथुरा : मला दुसरं काय बी नको. आमचं मालक तितं निजल्यात. म्हातारीला लेकाच्या शेजारी जागा द्या.

आबासाहेब : मथुरा, मी दगडाचा नाही. पाळकसाहेब, तुम्ही ख्रिस्ती घरात जन्मलात. मी एकोणीस वर्षांचा असताना बाप्तिस्मा घेतला, वैरागला. ओल्या कपड्यांनी घरी गेलो तर वडिलांनी दार लावून घेतलं. आई गेली तेव्हा मला वेशीवरूनच परत लावलं. तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही मी. आणि आज तुम्ही सांगता, बाप्तिस्म्यावाचूनही चालतं. मग मी हे सगळं कशासाठी सोसलं?

मथुरा : हे ठावं न्हवतं मला, आबा.

पाळक : तुमचं सोसणं खोटं होत नाही. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, टाळणाऱ्याला मी पाठीशी घालणार नाही. पण हिनं कुठं टाळला? आज्ञेनं आपण बांधलेले आहोत, आबासाहेब. देव बांधलेला नाही. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला कुठल्या हौदात उतरवलं होतं?

आबासाहेब : त्या चोराला स्वर्गात जागा आहे, हे प्रभूनं स्वतः सांगितलं. हिचं कोण सांगणार?

मथुरा : मगाधरनं तेच सांगाया उभी हाय, तुमी बोलू देता व्हय? जरा त्या खिडकीतनं बगा.

आबासाहेब : ही कसली रांग? आपल्या हौदावर काय चाललंय?

मथुरा : चाळीत कुनीतरी सांगितलं, हौदात पाणी न्हवतं म्हनून नागूबाईला माती मिळंना. त्यास्नी तुमचं शास्त्र काय ठावं? घरात हाय न्हाय ते पाणी घेऊन आल्यात. पद्मशाली हायत, बौद्धांच्या वस्तीतली हायत, मोमीनांच्या बाया हायत. हौद भरला की झालं न्हवं, म्हनत्यात.

पाळक : मेलेल्या माणसाला बाप्तिस्मा देत नाहीत, मथुराबाई. सांगितलं नाही त्यांना?

मथुरा : घसा फोडून सांगितलं. म्हनल्या, आमी नेलेलं आणून देतुया, पुढचं तुमी अन् तुमचा देव बगा.

पाळक : कमरेच्या वर गेलंय हो पाणी. अख्ख्या पेठेत नळाला थेंब नाही, आणि हा हौद भरत आलाय.

आबासाहेब : ती घागर घेतलेली कोण? आमची सोनाबाई?

मथुरा : व्हय, तुमच्या कारभारीनच. काकूंची तिसरी खेप हाय ही. शनवारी तुमची सून घरीच बाळंत झाली, तवा रांजण कोरडा व्हता. दोन घागरी हितल्याच नेल्या त्यांनी. तुमाला सांगायला भेल्या.

आबासाहेब : म्हणजे माझ्या नातवाची पहिली आंघोळ?

मथुरा : व्हय. आत्याबाईनं सोता घागरी भरून दिल्या. पोरगं कसं हाय, इचारत व्हती परवा.

आबासाहेब : मला कुणी एका शब्दानं बोललं नाही.

पाळक : आबासाहेब, पाणी हवंय का? बसा जरा.

आबासाहेब : नको. नोंदवही काढा. नागूबाईचं नाव मंडळीत घाला, मी सही करतो. कुणी विचारलं तर माझ्याकडं पाठवा.

पाळक : आणि दफन?

आबासाहेब : तिच्या लेकाच्या, रावजीच्या शेजारी खड्डा घ्यायला सांगा, आत्ताच. यादीतले बाकीचे पाच जण राहिलेत ना? त्यांचा बाप्तिस्मा येत्या रविवारी. आता पाण्याची सबब नको. पेटी किती वाजता निघायची?

मथुरा : ऊन कलल्यावर, पाचाला.

आबासाहेब : पुढून खांदा मी देईन म्हणतो. तुझी हरकत नसेल तर.

मथुरा : पुढली जागा चाळीतल्या मानसांनी कवाच धरली, आबा. तुमी मागनं या.