पुस्तकातली धाकटी

न्हाय, थोरली ती मी, दाक्षायणी. बक्षीस मिळालेली महानंदा माझी धाकटी. शाळेत गेलीय, सत्काराला – पोरापोरींसाठी कादंबरी लिवली, पहिल्याच पुस्तकाला बक्षीस, मग काय, सगळी शुक्रवार पेठ हार घेऊन उभी! बसा की. पेपरवाले न्हवं तुमी? चहा घ्या.

काय म्हणालात? लई खरं लिवलंय? खरं! नीट वाचलंय का तुमी? मी वाचलंय, एकदा – बरं, चारदा वाचलंय, काय करता? त्यातली थोरली लग्न मोडून पळून जाती, मिरजेला नर्स होती. आन् धाकटी? कुटं गेली सांग म्हणून बाप तिला बडव बडव बडवतो, पण पोर तोंड उघडत न्हाय. तितं म्हणे परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. येणारच की, असलं लिवल्यावर!

मी बी निघाले होते ओ. साठ सालची गोष्ट, अठरा वर्षं झाली. मॅट्रिक झालेले, मिरजेला नर्सिंगला घेतो म्हणाले होते. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, एवढं बी विचारून ठेवलं होतं. निघताना महानंदाला जवळ घेतलं, दुसरीत होती, म्हटलं, कुणाला सांगू नकोस हं. गाडीत जाऊन बसले बी – खिडकीजवळ – आन् अप्पा डब्यात चढले. वेणी धरून खाली उतरवलं, समद्या लोकांदेखत. कुणी सांगितलं त्यांना? कुणी बडवलं नव्हतं ओ तिला! बोट लावलं नव्हतं! मांडीवर घेऊन विचारलं, अक्का कुटं गेली गं? – झालं. त्याच महिन्यात मला करमाळ्याला दिलं, अडत दुकानवाल्याच्या घरात. आता हिच्या बक्षिसाचं ऐकून माहेरी आलेय.

लहान होती? व्हय, होती लहान. मी कधी मनात धरलं न्हाय. पण आता लहान हाय का? मास्तरीण हाय! तिला शिकवलं अप्पांनी, माझ्यावरनं शहाणे झाले म्हणून. मग लिवायचं तर लिव की, मी सांगितलं म्हणून – एक ओळ! ते पुसलं, आन् स्वतःला शूर करून ठेवलं. काल विचारलं मी तिला, तोंडावर. तर म्हणती कशी, "अक्का, पुस्तकात तरी तू जावीस असं वाटलं." वाटलं म्हणे! मला विचारलं होतं का, कुटं पोचायचंय ते?

आन् माझी नीलम्मा – तेरा वर्षांची पोर – तिनं बी वाचलं. तिला कोण सांगणार, ही थोरली कोण ते? परवा जेवता जेवता विचारती, "आई, अशा पोरी खरंच असत्यात का गं?"

मी काय म्हणाले? म्हणाले, नसत्यात. गप जेव.

...तसं बघू नका माझ्याकडं. आन् ते लिवणं थांबवा, हे छापायला न्हाय सांगितलं. ती बघा, आली तुमची लेखिका. जावा की, हारासकट फोटो काढा तिचा. जावा म्हणते न्हवं!