हाराबेतली मोकळी जागा

सन्माननीय अध्यक्ष आउसेन्सियोदादा. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या बँडचे ट्यूबावादक फिदेन्सियो मास्तर. डोंगरापलीकडून आलेले पाहुण्या बँडचे वादक. आणि एक डोळा तामाल्यांच्या पातेल्यावर ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो,

निरोपाचं भाषण मी लिहून आणलं होतं. बरं होतं. पण सकाळच्या मिरवणुकीत मी जे दिवे लावले, त्यानंतर ते वाचायला मला तोंड उरलेलं नाही.

मी भट्टीवर पाव भाजणारी ओदिल्या. मास्तरांकडे शिकायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, एवढं पितळ अंगाला गुंडाळून घेशील, पण मिरवतील ते ट्रम्पेटवाले. तू खालच्या सुरानं नाचणाऱ्यांच्या पायाखालून चालायचं." मी म्हटलं, "मास्तर, कणीक मळणारीला तरी कोण मिरवतं?" ते हसले. आणि ट्यूबा हातात न देता आधी नाचणाऱ्यांचे पाय बघायला बसवलं.

मग हाराबे नाच आला. तुम्हाला ठाऊकच आहे, फेरी संपताना खालचा सूर यायला हवा आणि मास्तर तिथे गप्प. अख्ख्या गावाचा पाय वर. मग सूर, आणि पाय खाली. मी विचारलं, "इथे का थांबायचं?" म्हणाले, "थांबायचं म्हणून थांबायचं." मी आपली मनाशी समजले, मास्तरांचं वय झालं, दम पुरत नाही, त्याची ही पळवाट.

आज सकाळी पाहुण्यांचा ट्यूबावाला मला म्हणाला, "ताई, तुमच्या हाराबेला भोक आहे की हो." आणि मी दीडशहाणी काय म्हणाले? "ते मास्तरांच्या छातीचं भोक आहे. आज बुजवते." मागे वळले तर मास्तर उभे. नुसती टोपी नीट केली त्यांनी.

तिथे तरी मी थांबावं की नाही? छे. गाल फुगवून ती जागा भरली. सगळ्यांचे पाय अजून हवेत आणि सूर आधीच हजर. रांगच्या रांग एकमेकांवर आदळली. सेनोबिया काकू रिवाजाप्रमाणे नाचवायला हाती घेतलेल्या टर्कीसकट पडल्या, आणि टर्की पाहुण्यांच्या ढोलामागे पळाली. हसा, हसा. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

स्वयंपाकघरात मी काकूंच्या गुडघ्याला मेस्कलची दारू चोळत होते. म्हटलं, "काकू, चुकलं. मास्तरांना दम पुरत नाही म्हणून मी..."

"कसला दम घेऊन बसलीस?" काकू म्हणाल्या. "मेल्याला बैलासारखा दम होता. अधू आहे तो माझा पाय, जन्मापासून. सगळ्यांचा पाय पडून जायचा, मग माझा पडायचा, आणि पोरी फिदीफिदी हसायच्या. एका सणाला हा फुंकायचा थांबला. माझा पाय पोचेपर्यंत थांबला. पुढल्या सणापासून गाव तसंच नाचायला लागलं. आता लंगडी कोण, ओळखून दाखव."

हे सगळ्यांसमोर सांगू का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सांग. पाडलंस तेव्हा सगळ्यांनी पाहिलंच की."

मास्तर, बोटं कुठे ठेवायची, श्वास कुठे घ्यायचा, सगळं शिकले मी तुमच्याकडून. पाय बघायला बसवलंत, तेव्हा काकूंचा पाय तेवढा मला दिसला नाही. मला लाज वाटते. तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते.

मघाशी अध्यक्ष म्हणाले, मास्तरांची जागा ओदिल्या भरून काढेल. दादा, तो शब्द मागे घ्या. सकाळी भरून पाहिली ना. रिवाजाप्रमाणे ट्यूबाची मुखनळी आज मास्तरांनी माझ्या हाती द्यायची. देऊ नका, एवढं सांगायलाच मी उभी राहिले.

काय म्हणता, मास्तर?

मास्तर म्हणताहेत, "भाषण पुरे. तामाले निवताहेत. हे घे आणि हाराबे वाजव."

घेतली, मास्तर. असो. तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. सकाळचं मात्र घालू नका, ते माझ्या लक्षात राहू दे.

सेनोबिया काकू, टर्की राहू द्या, या पुढे. तुमचा पाय टेकेपर्यंत मी फुंकणार नाही.