दिराच्या नावाचा कोड

नाही नाही, पैशांचं नंतर बघू — आधी बस. त्या स्टुलावर नको, त्याची वीण तुटलीय, इकडे बस. लवंग चालते ना? अत्बरात चहाला बसायचं आणि लवंग नको म्हणायचं, हे बाहेर शिकून आलेल्या पोरांनीच करावं — हसतोस काय, ओळखलं मी. तो डब्यावर चिकटवलेला, पैसे पाठवायचा कोड? माझा कसला! माझ्याकडे साधा फोनसुद्धा नाही. दिराचा आहे, ताजुद्दीनचा. खार्तुमचं घर जळलं, त्यात माझे कागद गेले — आणि कागद नाहीत तर बँक खातं देत नाही. लढाई लागल्यापासून नोटा दिसतात का कुणाकडे? मग तोच म्हणाला, वहिनी, माझ्या नावावर घ्या, घरातलीच तर गोष्ट. घरातलीच! तू इथे पैसे पाठवलेस की तिकडे त्याचा फोन वाजतो — समोरच्या दुकानात बसल्या बसल्या त्याला कळतं, ह्या बतूलचे किती पेले गेले. साखर आणतो, कोळसा आणतो, नाही कशाला म्हणू? पण नोटा होत्या तेव्हा — पहिल्या गिऱ्हाइकाची नोट कपाळाला लावायची आणि हळूच लवंगांच्या डब्यात सरकवायची. कुणाला पत्ता नसायचा. त्याच्यावरच इजलाल शिकली, माझी लेक. आता शेवटची परीक्षा. फी पन्नास हजार पौंड, मुदत गुरुवारपर्यंत — आणि दीर म्हणतो, परीक्षा कशाला, माझ्या भागीदाराला बायको हवीय. पन्नाशीचा बाप्या! पोर सतराची. परवा मी एकाला म्हटलं, पैसे नको पाठवूस, साबण आणून दे, मी विकेन कुठेतरी. आणला बिचाऱ्यानं. संध्याकाळी ताजुद्दीन विचारतो — दूध तर संपलं, मग दोन पेल्यांचे पैसे कुठे गेले? साबण घेऊन गेला. — अरे, तुला कशाला सांगत बसले मी हे? पी, गार होतंय.

काय केलंस? किती? पन्नास हजार? एका पेल्याचे? अरे, कुणाला पाठवलेस — आत्ताच सांगितलं ना, तो कोड कुणाचा आहे! आणि लिहिलंसही त्यात? इजलालच्या फीसाठी? का — त्याला लाज वाटेल म्हणून? लाज! हो रे बाळा, मन चांगलं आहे तुझं, कळलं. आता तो विचारेल, परक्या पुरुषाला घरातलं काय काय सांगितलंस. उद्या इथे मला बसू देईल का, तेही... ऊठ. पेला राहू दे तिथेच. ऊठ म्हणते ना — तो बघ, दुकानातून निघाला.