चौदा नंबरच्या कुलपावरचा अंगठा

पुरवणी जबाब
दिनांक १५ मे २०२५, सकाळी ११.४०

नाव : सुबोध लवू कांदळगावकर. वय ५८ वर्षे. धंदा : स्वेच्छानिवृत्त, पूर्वी मरोळ येथील एका छपाई कारखान्यात माल तपासनीस. राहणार : खोली नं. ६, दुसरा मजला, सागरवेळ सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व), मुंबई.

कोणी न बोलावता मी आज पोलीस ठाण्यात आलो असून उपनिरीक्षक रेवती मॅडम यांच्यासमोर सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी अक्षता व आई श्रीमती रत्नप्रभा, वय ८१ वर्षे, यांच्यासह राहतो. सदर संस्थेचा मी सहा वर्षांपासून सचिव आहे. परवा, दि. १३ रोजी, मी दोन वेळा या ठाण्यात आलो. दुपारी आई हरवल्याची खबर दिली आणि संध्याकाळी जबाब दिला. खबर खरी होती. जबाबातला एक भाग खोटा होता. तो दुरुस्त करण्यासाठी आलो आहे.

आमची इमारत चार मजल्यांची, सोळा खोल्यांची आहे. ती पाडून नवी होणार आहे. तेरा कुटुंबे गेली, आम्ही तीन राहिलो आहोत. लिफ्ट बंद आहे, जिन्यातले दिवे काढून नेले आहेत, जिन्याच्या जाळ्यांना ठेकेदाराने पत्रे मारले आहेत, त्यामुळे भर दुपारीही जिन्यात काळोख असतो. गेटवरचा कॅमेराही बंद आहे. पहारेकरी नंदू पेडणेकर, वय ६२, हा एकोणीस वर्षे आमच्याकडे आहे.

मला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद आहे. तिकिटावरचा शिक्का धुऊन ते कोरे म्हणून खपवतात, फाटलेले कागद चिकटवून विकतात. अशी लबाडी अतिनील प्रकाशात उघडी पडते, म्हणून मी खिशात मावेल असा एक छोटा टॉर्च मागवला होता. तो दि. १२ रोजी संध्याकाळी कुरियरने आला.

दि. १३ रोजी मंगळवार होता. आई मंगळवारी व शुक्रवारी उंबऱ्याला हळदकुंकू लावते. हळद लगेच झडू नये म्हणून ती खोबरेल तेलात कालवते. ही तिची मालवणकडची सवय आहे. सकाळी नऊच्या सुमारास मी टॉर्च खोक्यातून काढला तेव्हा ती म्हणाली, "झिला, नवी वस्तू आसा, आधी देवाक दाखव." तिने टॉर्च देवासमोर ठेवून त्याला हळदकुंकवाचे बोट लावले. मला दम नव्हता. मी तो तसाच ओला उचलला. हळद माझ्या उजव्या अंगठ्याला लागली. मी अंगठा पायजम्याला पुसला, धुतला नाही.

त्यानंतर मी न्हाणीघरात दार लावून टॉर्चची चाचणी घेतली. साबणाच्या पावडरीत धुतलेला बनियन निळा पेटला. माझी नखे आणि दात चमकले. जुनी तिकिटे काळीच राहिली आणि एक तिकीट, जे मी बारा वर्षे अस्सल समजत होतो, त्याच्यावर धुतलेल्या शिक्क्याचे अर्धे वर्तुळ दिसले. मी मोठ्याने हसलो. हसणे ऐकून आई आत आली. मी प्रकाश तिच्या हातावर टाकला. हळदीची बोटे पिवळी-हिरवी उजळली. आई म्हणाली, "झिला, माझ्या बोटांका दिवे लागले रे!" तिने दोन्ही हात पुन्हा पुन्हा उलटेसुलटे करून पाहिले. त्या वेळी ९.४० झाले होते. त्यानंतर मी तिला संध्याकाळपर्यंत पाहिले नाही.

त्या दिवशी रिकाम्या खोल्यांना संस्थेची कुलपे लावून किल्ल्या ठेकेदाराला द्यायच्या होत्या. नंदूने आठ वाजताच सगळी दारे उघडून ठेवली होती. खिडक्यांना बाहेरून प्लायवूड मारलेले होते. या खोल्यांचे पाणी मी स्वतः सकाळी बंद केले होते. कुलूप लावण्याबाबतची सूचना मीच लिहून फलकावर लावली आहे. तिच्यात तिसऱ्या क्रमांकावर लिहिले आहे की, प्रत्येक खोलीत आत जाऊन, स्वयंपाकघर व न्हाणीघर पाहून, मोठ्याने हाक मारल्याशिवाय कुलूप लावू नये. आदल्या दिवशी मी हे कलम नंदूला दोनदा वाचायला लावले आणि "डोकं ठिकाणावर ठेव, मांजर जरी आत राहिलं तरी जबाबदारी तुझी," असे चारचौघांत सुनावले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातला हा प्रकार आहे.

दहा वाजता आम्ही खालून सुरुवात केली. तिसरा मजला होईपर्यंत नंदू बरोबर होता. तो प्रत्येक खोलीत आत जाऊन हाक मारत होता. पावणेअकराला खाली टेम्पो आला म्हणून मी त्याला गेट उघडायला पाठवले. किल्ल्यांचा जुडगा, कुलपे आणि यादी माझ्याकडे होती. चौथ्या मजल्यावर मी एकटा गेलो.

तेरा नंबर मी नीट पाहिला. चौदा नंबरला येताना फोन वाजला. तिकिटांचा एक व्यापारी होता. सकाळच्या धुतलेल्या तिकिटाबद्दल मी त्याला झाडत होतो. बोलता बोलता मी चौदा नंबरच्या दारातून आत नजर टाकली. बाहेरची खोली रिकामी होती. स्वयंपाकघर दारातून दिसत नाही. मी आत गेलो नाही, हाक मारली नाही. दार ओढले, कुलूप अंगठ्याने दाबून बंद केले, यादीत "आतून पाहिले" या रकान्यात बरोबरची खूण केली. १०.५० वाजले होते. पंधरा आणि सोळा बंद करून मी खाली आलो आणि पुन्हा तिकिटे घेऊन बसलो.

चौदा नंबर ही शांताबाईंची खोली. त्या आईच्या चाळीस वर्षांच्या मैत्रीण, महिन्यापूर्वी मुलाकडे बोरिवलीला गेल्या. आई मला आठवडाभर सांगत होती की, घर रिकामे झाले तरी उंबरा पांढरा ठेवू नये, पाडायच्या आधी सगळ्या उंबऱ्यांना आणि शांताबाईंच्या ओट्याला हळद लावायची आहे. मी म्हणालो होतो, "आई, त्या सगळ्याचं डेब्रिज होणार आहे. डेब्रिजला कसली हळद लावतेस?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती विसरली असे मी धरून चाललो.

साडेबाराला जेवायला हाक मारली तेव्हा आई घरात नव्हती. मी देऊळ, भाजीबाजार, रेशनचे दुकान पाहिले. शांताबाईंना फोन केला. घाटकोपरला गेलेल्या अक्षताला बोलावून घेतले. आईच्या चपला दाराशीच होत्या. ती अनवाणी गेली होती. २.१० वाजता मी या ठाण्यात खबर दिली. सगळे तिला खाली, रस्त्यावर शोधत होते. नंदू उन्हात स्टेशनपर्यंत दोन वेळा जाऊन आला.

४.२० च्या सुमारास आईचा फोटो आणायला मी एकटा घरी निघालो. फोन करून करून बॅटरी संपली होती. जिन्यात काही दिसेना म्हणून मी खिशातला टॉर्च लावला. दुसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा वर जाणाऱ्या कठड्यावर एक पिवळा-हिरवा ठिपका दिसला. त्याच्यावर हातभर अंतरावर दुसरा. आईची बोटे बारीक आहेत. मी ओळखली.

मी वर जाऊ लागलो. खरे सांगायचे तर मला वर जायचे नव्हते. तिसऱ्या मजल्यावर प्रत्येक उंबऱ्यावर दोन दोन बोटे उजळली. ती सकाळीही तिथे असणार, आम्ही त्यांच्यावरूनच गेलो असणार. आम्ही खालच्या मजल्यावर असताना ती आमच्या पुढे होती. चौथ्या मजल्यावर तेरा नंबरच्या उंबऱ्यावर बोटे होती. चौदाच्या उंबऱ्यावर होती. पंधराच्या नव्हती. सोळाच्या नव्हती. मी मागे आलो. काळोखात माझाच श्वास मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. चौदा नंबरच्या आतून काहीही आवाज येत नव्हता.

मी टॉर्च कुलपावर धरला. कुलपाच्या अंगावर एक अख्खा अंगठा उजळला. अंगठ्याच्या मधोमध आडवी रेघ होती. कारखान्यात कागद कापायच्या यंत्रावर माझा उजवा अंगठा चिरला होता, त्याला चौदा टाके पडले होते. तो व्रण मॅडमना मी आता दाखवला आहे.

किल्ल्यांचा जुडगा अजून माझ्याच खिशात होता. मी कुलूप उघडले. आई स्वयंपाकघरात ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. पदर तोंडावर होता. अंग तापले होते, ओठ फुटले होते, डोळे उघडे होते पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ओट्यावर, जिथे शांताबाईंची शेगडी असायची, तिथे हळदीची पाच बोटे होती. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या खाली, तळव्याचे पुसट ठसे होते. ते किती होते हे मी मोजले नाही. मी ओरडलो. सर्वांत आधी नंदू धावत आला. पाण्याची बाटली त्याने आणली होती. आईला पाठीवर घेऊन चार मजले तोच उतरला.

अँब्युलन्स गेल्यावर खाली माणसे जमली होती. कोणीतरी विचारले, कुलूप कोणी लावले? मी म्हणालो, "चौथ्या मजल्याच्या किल्ल्या नंदूकडे होत्या." हेच मी इथे जबाबात सांगितले. नंदू म्हणाला, "साहेब, आठवून बघा ना जरा. मी टेम्पोला गेलो होतो." त्यावर दोन रहिवाशांनी त्याला मारले. त्याचा ओठ फाटला. मी एक हातही वर केला नाही. तेव्हापासून तो या ठाण्यात आहे. मघाशी येताना मला तो आतल्या बाकावर दिसला. त्याने उठून मला विचारले, "आई कशा आहेत, साहेब?"

आई रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. उष्णतेमुळे किडनीवर ताण आला आहे, ४८ तास सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणतात. या दोन दिवसांत मला दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक, ती शुद्धीवर येणार नाही. दुसरी, ती शुद्धीवर येईल. दोन्ही लिहून घ्यावे, ही विनंती.

आज सकाळी सात वाजता तिने डोळे उघडले. अक्षता तिथेच होती. आई मला म्हणाली, "तुझो आवाज आयकलंय मी. तू फोनार बोलत होतंस, म्हणान हाक मारूक नाय. मगे मारलंय, तर कोण नाय." एवढे बोलून तिने माझा हात धरला आणि पुन्हा डोळे मिटले.

अक्षताने मला बाहेर नेले. तिने विचारले, "ती काय म्हणाली? तुझा आवाज?" मी घरी आलो, न्हाणीघरात दार लावले आणि माझ्या रुमालावर टॉर्च टाकला. तो मी दोन वेळा साबणाने धुतला होता. साबणामुळे अख्खा रुमाल निळा पेटला आणि मधोमध पिवळा-हिरवा डाग तसाच होता. अक्षता मागून आली होती. ती म्हणाली, "हा रुमाल घेऊन आत्ताच्या आत्ता चौकीवर जा. नाहीतर मी जाते. त्या माणसाने तुझ्या आईला पाठीवरून उतरवलंय रे." सदर रुमाल, टॉर्च, कुलूप व माझ्या खुणेची यादी मी हजर केली आहे.

मॅडमनी विचारले, रुमालाला हळद कशी लागली? मी सांगितले की कुलपावरचा ठसा मी रुमालाने पुसला. मॅडमनी विचारले, का पुसला? मी सांगितले की मी घाबरलो होतो. मॅडमनी विचारले, कधी पुसला, आईला बाहेर काढल्यावर का?

नाही.

कुलूप उघडण्याच्या आधी पुसला. आई आत आहे हे मला तेव्हा कळलेले होते. ठसा तेलाचा असल्याने लवकर जाईना. मी टॉर्च मारून पाहत होतो आणि पुन्हा पुसत होतो. एक मिनिट लागले असेल, कदाचित दोन. पुसत असताना आतून एकदा खरडल्यासारखा आवाज आला. मी पुसणे पूर्ण केले आणि मग किल्ली लावली.

नंदू पेडणेकर याचा या घटनेत काहीही दोष नाही. त्याला सोडावे.

हा जबाब संगणकावर माझ्या सांगण्याप्रमाणे टंकला असून मॅडमनी तो मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. शेवटून तिसरा परिच्छेद वाचताना त्या थांबल्या व क्रम असाच ठेवायचा का, असे त्यांनी मला विचारले. क्रम असाच आहे. आधी पुसले, मग उघडले. सांगितले ते व तेवढेच लिहिले आहे, म्हणून सही करतो. मॅडमच्या सांगण्यावरून सहीखाली उजव्या अंगठ्याचा ठसाही दिला आहे.

जबाब देणार,
सही/- सुबोध लवू कांदळगावकर